तुतीच्या गल्लीतली खालची कडी

परवा रात्री इशाची नमाज आटोपून मी भट्टीच्या पायरीवर बसलो होतो. भट्टी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिथं बसायची सवय गेलेली नाही. वीज गेली होती. मरवान आणि अयूब मोबाइलचा उजेड पाडत आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या काजींच्या वाड्यात आता पाहुण्यांचं हॉटेल झालंय, निळ्या दिव्यांचं. मरवान तिथं काम करतो. अयूब त्याचा दोस्त. तो काम काही करत नाही, तोंड मात्र त्याचं सतत चालू असतं.

"बा हमाद, मालकांनी पाठवलंय," मरवान म्हणाला. "शेवटच्या घराची किल्ली कुणाकडे असते, तेवढं विचारून ये म्हणाले. त्यांना घर बघायचंय."

"लल्ला बतूलचं?"

"हो, तेच. गल्ली संपते तिथलं."

"मालक स्वतः का नाही आले?"

"त्यांना म्हाताऱ्या माणसांची भीती वाटते," अयूब म्हणाला. "एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत."

मी हसलो. खोटं नव्हतं ते.

"मग बसा दोघंही," मी म्हटलं. "किल्लीचं सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, मी डोळ्यांनी पाहिलं ते फक्त आधीचं आणि शेवटचं. मधल्या रात्रीचं जिलालीनं सांगितलेलं. आणि जिलालीला खोटं बोलता यायचं नाही. बायकोपुढं तर मुळीच नाही."

ते बसले. मग मी त्यांना जे सांगितलं, ते असं.

ही भट्टी जिलालीची. म्हणजे ती चालवायचा तो. भट्टीवरच्या खोलीत तो, त्याची बायको रहमा आणि नवरा वारलेली मुलगी, अशी तिघं राहायची. मी माझ्या खेचरावरून त्याला जाळायला लाकडाचा भुसा आणून टाकायचो. आमची दोस्ती तशी भुशातलीच.

तेव्हा या गल्लीत कुणी पाव विकत आणत नव्हतं. कणीक घरी मळायची, गोल पाव थापायचे, फळीवर ठेवून वर कापड टाकायचं आणि फळी भट्टीत पाठवायची. फळीवर नाव नसायचं. प्रत्येक घराची पावावर आपली एक खूण असायची. कुणी तीन बोटं दाबायचं, कुणी काट्यानं टोचायचं, कुणी पेल्याची कड उठवायचं. जिलालीला ती खूण वाचावी लागत नव्हती. त्याचा हात आपोआप त्या घराच्या कप्प्याकडे जायचा. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या घरात पीठ कमी पडतंय, कुणाची सून रागावून माहेरी गेलीय, हे सगळं त्याला फळीवरून कळायचं. तो कुणाला सांगायचा नाही.

लल्ला बतूलची खूण सगळ्यांत वेगळी. ती घराच्या किल्लीची कडी पावावर दाबायची. आमच्याकडच्या जुन्या किल्ल्या तुम्ही पाहिल्याच आहेत, वीतभर लांब, वरच्या टोकाला नक्षीची गोल कडी. त्या घराच्या किल्लीसारखी दुसरी किल्ली फेस शहरात नव्हती. त्यामुळे तसा पावही दुसऱ्या कुणाचा नव्हता.

फार चांगली बाई. नवऱ्याच्या मागं एवढ्या मोठ्या घरात एकटी राहायची. सगळे पाव झाले की उरलेल्या कणकेचा एक लहानसा पाव करायची, लेकरांसाठी करतात तसा. तो माझ्यासाठी. म्हणायची, "हमादला द्या रे, त्याला कुणी मळून घालत नाही."

मुलं सगळी कासाब्लांकाला. धाकटा नजीब एकदा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, आई, नातवाची सुंता आहे, चल, आठवड्यात परत आणून सोडतो. ती निघाली. इथं, या पायरीपाशी थांबली आणि किल्ली जिलालीच्या हातात दिली.

"आल्यावर माझ्या हातात द्यायची," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या नाही."

"नजीबच्या सुद्धा नाही?" जिलालीनं हसत विचारलं.

"त्याच्या तर नाहीच. तो लहानपणापासून विसराळू आहे."

नजीबही हसला. मी तिथंच खेचराला पाणी पाजत होतो. तो हसला, पण त्यानं आईकडे बघितलं नाही.

आठवडा गेला. महिना गेला. तिला परत आणलंच नाही. तिकडंच कितव्यातरी मजल्यावरच्या एका खोलीत ती वारली आणि तिकडंच तिला पुरलं. आम्हाला कळलं तेव्हा चाळिसावा दिवसही होऊन गेला होता. जिलालीनं किल्ली कमरेला बांधली ती बांधलीच. झोपतानाही सोडायचा नाही. रहमा म्हणायची, "माझ्यापेक्षा तीच बरी, तुम्हाला उलट बोलत नाही."

पुढं गल्ली बदलत गेली. जुनी घराणी एकेक करून नव्या शहरात गेली. त्यांच्या खोल्यांत डोंगराकडची माणसं भाड्यानं आली, एका खोलीत एक कुटुंब. भिंती वाकल्या, त्यांना लाकडाचे टेकू लागले. मग बाहेरदेशची माणसं घरं विकत घ्यायला आली. फळ्या कमी कमी होत गेल्या. लल्ला बतूलचा कप्पा मात्र जिलालीनं कुणाला दिला नाही. रिकामाच ठेवला.

"तिच्यावर जीव होता काय म्हाताऱ्याचा?" अयूबनं विचारलं.

"गाढवा, तिनं त्याला शब्द मागितला होता," मी म्हटलं. "ऐक गपगुमान."

त्या वर्षी रमजान ऐन ऑगस्टात आला होता. दिवसा दगड तापायचे. रमजान संपत आला तेव्हा नजीब आला. केस पिकले होते. भट्टीत आला, उभ्यानंच बोलला.

"बा जिलाली, घराचं ठरलंय. घेणारा मिळालाय. रविवारी सकाळी येतो, किल्ली तयार ठेवा."

जिलालीनं कमरेच्या किल्लीवर हात ठेवला.

"भट्टी आणि वरची खोली घराच्याच मालकीची आहे, तुम्हाला माहीत आहे. किल्ली दिलीत तर तुम्ही असेपर्यंत दोन्ही तुमच्याकडे राहतील, तसं मी कागदात घालून घेतो. नाही दिलीत तर…" त्यानं मान खाली घातली. "कुलूप काय, फोडता येतं. पण मग भट्टीही घराबरोबर जाईल. मला भांडण नकोय."

तो गेल्यावर रहमा जिना उतरून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"द्या किल्ली त्याला."

"शब्द दिलाय."

"ज्या बाईला दिलाय ती मातीत आहे. आपण तिघं अजून वर आहोत. मुलीला घेऊन या वयात कुठं जायचं, तेही तिलाच विचारून या मग."

जिलालीनं माझ्याकडे बघितलं. मी खेचराकडे वळलो. काय सांगणार होतो?

शनिवारची रात्र. रमजानची सत्ताविसावी. त्या रात्रीचं तुम्हाला सांगायला नको. महिनाभर बांधून ठेवलेले जिन्न सगळे त्या रात्री सुटतात, म्हणून बायका घरोघर ऊद जाळतात. पुरुष मशिदीत. आणि भट्टीत ईदच्या गोड पदार्थांची गर्दी, कारण एवढी फळी आज भाजून द्या, एवढी तेवढी, असं सगळ्यांनाच त्याच रात्री आठवतं. ताटं, पराती, फळ्या. दारात माणूस मावत नव्हता. जिलाली फळी आली की कापड बाजूला सारायचा, फावड्यावर घ्यायचा, आत ढकलायचा, बाहेर काढायचा, कप्प्यात सारायचा. मान वर करायला सवड नव्हती.

हळूहळू लोक आपापलं घेऊन गेले. गल्ली शांत झाली. जिलालीनं भट्टीचं तोंड लावलं, हात झटकले आणि मागं वळून बघितलं.

एक फळी राहिली होती.

लल्ला बतूलच्या कप्प्यात.

तो म्हणायचा, "हमाद, मीच भाजली होती रे ती. माझ्याच हातानं भाजली आणि माझ्याच हातानं तिथं ठेवली. गर्दीत समोर आली, खूण दिसली, हात गेला. एवढ्या वर्षांत तो कप्पा रिकामा आहे, हे हाताच्या लक्षातच राहिलं नाही."

त्यानं कापड उचललं. पाच पाव. मधोमध एक लहानसा, बडीशेप लावलेला. प्रत्येकावर नक्षीची गोल कडी उठलेली, स्वच्छ.

त्याचा हात कमरेला गेला. किल्ली होती. गाठ तशीच होती. त्यानं ती दिव्यापुढं धरली.

कडीच्या नक्षीत कणीक अडकली होती.

ओली होती.

"अहो, सहरीचं जेवायला या," वरून रहमाची हाक आली. "निवतंय सगळं."

"एक फळी राहिलीय. पोचवून येतो."

"कुणाची?"

रहमा जिन्यापर्यंत आली. त्याच्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं. खूण तिलाही माहीत होती.

"राहू द्या ती सकाळपर्यंत," ती हळू म्हणाली. "आजची रात्र बरी नाही. वर या."

"रोजेदाराचा पाव सहरीच्या वेळी भट्टीत अडकून राहात नाही, रहमा. माझ्या बापानं कधी ठेवला नाही."

"आणि ते रोजेदार कोण?"

"कुणी थट्टा केली असेल. दाराशी उभा राहून हसत असेल. बघून येतो."

असं तो म्हणाला. पण मला म्हणाला, "थट्टा नव्हती हे मला माहीत होतं. किल्ली माझ्या कमरेला होती ना."

त्यानं फळी डोक्यावर घेतली, एका हातानं सावरली आणि निघाला.

भट्टीपासून शेवटच्या दारापर्यंत किती लांब आहे? तुम्ही रोज जाता. एक विडी संपत नाही.

वाटेत आधी त्या हॉटेलचे निळे दिवे आले. आतून पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं. जिलालीला बरं वाटलं. मग टेकू लावलेली घरं. तिथं उजेड नव्हता. रॉकेलच्या स्टोव्हचा वास होता, आणि एक मूल किरकिरत होतं. त्याला वाटलं, हा वास कुठला? त्या खोल्या तर नगरपालिकेनं दोन वर्षांमागंच रिकाम्या केल्या होत्या.

तो चालत राहिला.

पुढं खांब आहेत ना दोन, दगडी? बिजागरांची भोकं असलेले? तिथं पूर्वी गल्लीचा दरवाजा होता. रात्री राखणदार तो लावायचा. जिलालीच्या लहानपणीच काढून टाकला तो, लाकूडसुद्धा उरलं नाही. जिलाली त्या खांबांमधून गेला.

त्याच्या मागं दरवाजा लागला.

लाकडावर लाकूड. मग साखळी. मग कुणीतरी खाकरलं, म्हातारं माणूस खाकरतं तसं.

त्यानं मागं बघितलं नाही. डोक्यावर फळी असताना बघताही येत नाही.

आता घरांतून दिवे दिसत होते. विजेचे नव्हे. गच्चीवरून बायका एकमेकींना हाका मारत होत्या, मसाल्याची वाटी परत दे, मुलाचं अंग कसं आहे. ते आवाज त्याच्या ओळखीचे होते. एकीला तर त्यानं स्वतः खांदा दिला होता.

मग त्याच्या मनगटाला काहीतरी लागलं. बारीक. दोरा होता. भिंतीच्या कडेनं रेशमाचे दोरे ताणून ठेवलेले, पीळ घालणारे ठेवायचे तसे. ते लोक गल्लीतून गेले तेव्हा जिलालीचा बाप पोरगा होता. बापानं त्याला शिकवलं होतं, फळी नेताना कोपर वर धरायचं, कुणाचं काम तुटू द्यायचं नाही. त्यानं कोपर वर धरलं.

पायाखाली काही पिचलं. मऊ.

गोड वास आला. तुतीचा.

त्या झाडाचं खोडसुद्धा कुणी पाहिलेलं नाही, पोरांनो. गल्लीला नुसतं नाव राहिलंय.

"बास की आता, बा हमाद," अयूब म्हणाला. पण उठला नाही. मरवाननं मोबाइलचा उजेड बंद केला होता, बॅटरी वाचवायला म्हणून. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

मी पुढं सांगितलं.

शेवटचं दार. तिथं मात्र अंधार होता. कुणी हसत उभं नव्हतं. कुलूप दिसत होतं.

दाराला दोन कड्या आहेत, तुम्हाला माहीत आहे. वरची परक्यांसाठी. खालची घरच्यांसाठी. जुन्या दारांना असायच्याच, म्हणजे आतल्या बायकांना कळावं की अंगावर ओढणी घेऊन दार उघडायचं की तसंच. जिलाली त्या घरी कायम खालची वाजवायचा. तिनंच सांगितलं होतं, "तू कशाला वरची वाजवतोस? तू काय वसुलीला आलायस?"

त्यानं खालची वाजवली. एकदाच.

काही नाही.

फळीवरचे पाव अजून गरम होते. त्याच्या टाळूला ऊब लागत होती.

मग आतून…

"कोण?"

आता इथं ऐका. आपल्याकडे आतून 'कोण' असं विचारलं की आपण नाव सांगत नाही. 'जवळचा' म्हणतो. आईच्या दुधाबरोबर शिकलेलं असतं ते. जीभ स्वतःच म्हणते. पण रिकाम्या घरातून विचारलं तर तसं म्हणायचं नसतं. त्या रात्री तर नाहीच. एकदा जवळचा म्हटलं की म्हटलं. हेही जिलालीला माहीत होतं.

"जवळचा," जिलाली म्हणाला.

आत अडसर सरकला.

कुलूप गळून पडलं नाही. तुटलं नाही. तो म्हणायचा, ते तिथं होतं आणि दार उघडलं. हातभर.

काळोख. आणि आंबलेल्या कणकेचा वास.

बाई दारात असली की भट्टीवाला मान खाली घालून फळी पुढं करतो. जिलालीनं तेच केलं. म्हणायचा, त्या रिवाजानं मला वाचवलं, नाहीतर मी वर बघितलं असतं. त्याला फक्त हात दिसले. मनगटापर्यंत पीठ.

फळी हलकी झाली.

"आणि…?"

एवढंच.

त्याला कळलं काय मागतेय ते. त्याचा हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला. तिकडं भट्टीवरच्या खोलीत रहमा होती. मुलगी होती. भट्टी होती.

"लल्ला…" तो म्हणाला. "सकाळी नजीब यायचाय."

आत काही हललं नाही. श्वाससुद्धा नाही. तो म्हणायचा, एवढं शांत मी कधी ऐकलं नाही, हमाद. भट्टी विझल्यावरसुद्धा आत काहीतरी तडतडत असतं.

मग अगदी हळू…

"सहरी केली का रे त्यानं?"

जिलालीला रडू फुटलं. त्यानं गाठ सोडली आणि किल्ली त्या हातावर ठेवली. हात गार असेल असं त्याला वाटलं होतं. गार नव्हता. भट्टीतून काढलेल्या पावासारखा होता.

दार लागलं.

अडसर सरकला.

तो परत कसा आला, ते त्याला आठवत नव्हतं. मिनारावर सहरी संपल्याचं शिंग वाजलं तेव्हा तो या पायरीवर बसला होता. रहमा त्याच्या कमरेकडे बघत उभी होती. ती ओरडली नाही. आत गेली आणि मुलीला उठवून कपड्यांची गाठोडी बांधायला लागली.

इथपर्यंत जिलालीचं. आता माझं.

रविवारी सकाळी नजीबनं मला खेचर घेऊन बोलावलं होतं, आतलं सामान बाहेर काढायला. तो आला, बरोबर कुलूपवाला.

"किल्ली, बा जिलाली."

"दिली."

"दिली? कुणाला दिली?"

"जिची होती तिला."

नजीब त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उन्हाळ्याचा रोजा तुम्हाला झेपत नाही आता," आणि आमच्या पुढं चालायला लागला.

कुलूपवाल्यानं कुलूप खोललं. धुळीनं भरलं होतं ते, गंजलेलं. मग त्यानं दाराला खांदा लावला. दार हललं नाही. त्यानं पुन्हा लावला. मग आमच्याकडे वळला.

"कुलूप निघालंय, साहेब. पण आतून अडसर आहे."

"आत कुणी नाही," नजीब म्हणाला.

"मग कुणी घातला?"

नजीबनं जिलालीकडे बघितलं. जिलाली जमिनीकडे बघत होता. नजीब शेजारच्या घरात शिरला. त्यांच्या गच्चीवरून आपल्या गच्चीवर जायची वाट त्याला लहानपणापासूनची माहीत होती. वर त्याच्या बुटांचा आवाज झाला. मग तो जिना उतरायला लागला. आम्ही दाराशी उभं राहून ऐकत होतो. पावलं खाली आली. अंगण ओलांडलं. स्वयंपाकघराच्या बाजूला गेली.

थांबली.

आम्ही उभे होतो. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. खेचरानं दोनदा पाय आपटला. कुलूपवाला म्हणाला, "हाक मारू का?" कुणीच हो म्हटलं नाही.

मग अडसर सरकला. दार उघडलं. नजीब उभा होता.

मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. अंगणात धूळ, जाडच्या जाड, पिठासारखी. तीत एकच पावलांची रांग. जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून दारापर्यंत. बुटांची. त्याचीच.

त्याच्या हातात पावाचा तुकडा होता. लहान पावाचा. आणि ओठाला बडीशेपेचा दाणा चिकटला होता.

रोजा होता, पोरांनो. आम्हा तिघांचाही रोजा होता. त्याचाही होता.

"बा जिलाली," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तिनं मला विचारलं…"

जिलाली पुढं झाला, त्याचा हात धरला.

"आठवडा झाला का रे, असं विचारलं."

मग तो उंबऱ्यावर बसला. जिलाली त्याच्याजवळ बसला. शेवटी नजीब उठला आणि म्हणाला, "घर विकायचं नाही. भट्टी चालू ठेवा." गल्लीत आला आणि आपल्या हातानं दार ओढून घेतलं. आम्ही चौघं तिथं होतो. नजीब, जिलाली, कुलूपवाला आणि मी. चौघंही बाहेर होतो.

आत अडसर सरकला.

सावकाश. नीट. म्हातारी बाई रात्री झोपायच्या आधी घालते तसा.

त्यानंतर नजीबनं गच्चीवरची वाट विटांनी बुजवून घेतली. जिलालीनं मरेपर्यंत भट्टी चालवली. रहमानं गाठोडी सोडली, पण एक कायम बांधलेलं ठेवायची, खाटेखाली. आणि जिलालीच्या दारावर कुणी थाप मारली तर तो कधी स्वतः 'कोण' म्हणून विचारत नसे. मुलीला पाठवायचा. का, ते मी विचारलं नाही.

मी थांबलो. वीज अजून आली नव्हती.

"म्हणजे किल्ली…" मरवान म्हणाला.

"घरवाल्यांकडे आहे. मालकाला तसं सांग."

अयूब हसला. जरा मोठ्यानंच हसला. "बा हमाद, तुम्ही भारी आहात. दार कुजून जाम झालं असेल, दुसरं काय. चल रे मरवान, ढकलून बघू. उद्या मालकाला सांगता तरी येईल."

"ढकला," मी म्हटलं. "पण कडी वाजवू नका. खालची तर नकोच."

ते गेले. मोबाइलचा उजेड भिंतीवरून डुलत गेला, दगडी खांबांतून गेला आणि वळणाआड झाला. मला काही ऐकू आलं नाही. कडीचा आवाज नाही, बोलणं नाही.

परत आले तेव्हा दोघं अगदी जवळजवळ चालत होते. अयूब माझ्यापुढून काही न बोलता गेला.

मरवान थांबला.

"बंद आहे," तो म्हणाला. "मी नुसता हात लावला, बा हमाद. बाहेरून. ढकललंसुद्धा नाही."

त्यानं मोबाइलच्या उजेडात आपला तळवा माझ्यापुढं धरला.

पीठ होतं. बोटांच्या पेरांत कणीक अडकली होती.

मी बोट लावून बघितलं. ओली होती.